लिस्टमधल्या एका ओळीवर टॅप केलं की भलतीच ओळ उघडते: रीसायकलरव्ह्यू, क्लिक आणि पोझिशनचा घोळ

खटपट्या

किराणा दुकानाच्या उधारीचं ॲप आहे. अँड्रॉइड, कोटलिन, साधा रीसायकलरव्ह्यू (लांब यादीच्या ओळी पुन्हा पुन्हा वापरून दाखवणारा घटक). प्रत्येक ओळीत गिऱ्हाइकाचं नाव, बाकी रक्कम, उजवीकडे फोनचं बटण आणि 'चुकते झाले'चा चेकबॉक्स. तीन गोष्टी अडल्यात:

१) एखादी ओळ डिलीट केली की तिच्या खालच्या कुठल्याही ओळीवर टॅप केल्यावर त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचं खातं उघडतं. शेवटच्या ओळीवर टॅप केलं तर थेट क्रॅश, इंडेक्सआउटऑफबाउंड्स.
२) वर-खाली स्क्रोल केलं की न केलेल्या ओळींवरही टिक दिसते.
३) पटकन दोनदा टॅप केलं तर खात्याचा स्क्रीन दोनदा उघडतो, बॅकही दोनदा दाबावं लागतं.

क्लिक लिसनर (टॅप झाल्यावर चालणारा कोड) ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे ओळीत मजकूर भरला जातो ('बाइंड' होतो) तिथे लावलाय आणि आत तिथलंच पोझिशन (यादीतला क्रमांक) वापरलंय. डिलीट केल्यावर नोटिफायआयटमरिमूव्ह्ड ('ही एक ओळ गेली') करतो. त्याऐवजी नोटिफायडेटासेटचेंज्ड ('सगळंच बदललं') केलं तर पहिला प्रश्न सुटतो, पण ते वापरू नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नेमकं का?

(फंक्शनांची नावं देवनागरीत टाकतोय, उच्चारावरून ओळखा.)

---

अर्धविराम

पहिला आणि दुसरा प्रश्न एकाच मुळाचे आहेत. आधी पहिला.

समजा २० खाती आहेत, ० ते १९. बाइंड होताना चौथ्या ओळीच्या लिसनरने ३ हा आकडा पकडून ठेवला, पाचवीच्या लिसनरने ४. आता तुम्ही ३ काढलं आणि नोटिफायआयटमरिमूव्ह्ड(३) केलं. रीसायकलरव्ह्यू हुशार आहे, खालच्या ओळी नुसत्या वर सरकवतो. त्या पुन्हा बाइंड करत नाही. का करेल? त्यांच्यातला मजकूर बदललेलाच नाही. त्यामुळे आता ३ नंबरवर दिसणाऱ्या ओळीच्या लिसनरच्या खिशात अजून ४ च आहे. टॅप केलं की तो यादीतला ४ नंबर काढून देतो. शेवटची ओळ १९ मागते, यादी १८ वर संपलेली. क्रॅश.

रेशनच्या रांगेतला नंबर आणि रेशनकार्डाचा नंबर यांत जो फरक, तोच इथे. पुढचा माणूस निघून गेला की रांगेतला नंबर बदलतो. तुम्ही रांगेतला नंबर लिहून ठेवलात.

दुरुस्ती:

- लिसनर ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे ओळ पहिल्यांदा बनते तिथे (किंवा व्ह्यूहोल्डरच्या, म्हणजे ती ओळ धरून ठेवणाऱ्या वस्तूच्या, इनिट ब्लॉकमध्ये) एकदाच लावा.
- टॅप झाला त्या क्षणी होल्डरला बाइंडिंगॲडॅप्टरपोझिशन विचारा.
- उत्तर नो_पोझिशन, म्हणजे -१, आलं तर काहीही न करता परत फिरा.
- नाहीतर त्या पोझिशनवरची वस्तू काढा आणि बाहेर फक्त तिचा आयडी द्या. ॲडॅप्टरच्या (यादीला डेटा पुरवणाऱ्या कोडच्या) बाहेर पोझिशन जाताच कामा नये.

जुन्या उदाहरणांत गेटॲडॅप्टरपोझिशन दिसेल. रीसायकलरव्ह्यू १.२.० पासून ते बाद ठरवलंय, कारण त्याच आवृत्तीत कॉनकॅटॲडॅप्टर (अनेक ॲडॅप्टर एकापुढे एक जोडणारा) आला आणि 'पोझिशन कुणातली?' हा प्रश्न उभा राहिला. तुमच्या ॲडॅप्टरातली हवी असेल तर बाइंडिंगॲडॅप्टरपोझिशन, जोडलेल्या अख्ख्या यादीतली हवी असेल तर ॲब्सोल्यूटॲडॅप्टरपोझिशन. वरती 'एकूण बाकी'चं हेडर वेगळ्या ॲडॅप्टरने जोडलंत आणि ॲब्सोल्यूट वापरलंत, तर पुन्हा एका ओळीची चूक मानगुटीवर बसेल.

---

ताकभात

नोटिफायडेटासेटचेंज्डने काम होतं, पण ते 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' आहे. चूक लिसनरात आणि दंड अख्ख्या स्क्रीनला. दिसणाऱ्या सगळ्या ओळी पुन्हा बाइंड होतात, ओळ निघून जाण्याचं ॲनिमेशन जातं, टॅपची लाट (बोटाखाली उमटणारा रिपल) अर्धवट तुटते. शिवाय ती कॉल केल्यापासून पुढचा लेआउट होईपर्यंत प्रत्येक होल्डर बाइंडिंगॲडॅप्टरपोझिशन विचारल्यावर -१ च सांगतो. त्या फटीत झालेला टॅप वाया जातो.

लिसनर बाइंडमध्ये लावणं मात्र मी पाप मानत नाही. पोझिशनऐवजी वस्तूच पकडली तर भलती ओळ उघडत नाही. क्रिएटमध्ये लावल्याने वेग वाढतो हे खरं, पण आजच्या फोनवर एक लॅम्डा बनवण्याचा खर्च कुणाला जाणवत नाही.

---

अर्धविराम

वेगासाठी मी म्हणतच नाही. वस्तू पकडण्यातही एक मेख आहे. लिस्टॲडॅप्टर आणि डिफयुटिल (जुनी-नवी यादी ताडून बदललेल्या ओळी शोधणारी जोडी) असेल तर नवी यादी दिल्यावर ज्या ओळींना 'मजकूर तोच आहे' असं उत्तर मिळतं त्या पुन्हा बाइंड होत नाहीत. आता समजा तुलनेत नाव आणि रक्कमच पाहिली, पत्ता पाहिला नाही, कारण पत्ता ओळीत दिसत नाही. पत्ता बदलला. ओळ बाइंड झाली नाही. लिसनरात जुनी वस्तू, जुन्या पत्त्यासकट. तीच पुढच्या स्क्रीनला दिलीत तर तिथे जुना पत्ता दिसणार आणि शोधायला दिवस जाणार, कारण यादी तर बरोबर दिसतेय.

म्हणून आयडी द्या आणि पुढच्या स्क्रीनने डेटाबेसमधून ताजं वाचावं. अख्खी वस्तू इंटेंटमधून (दुसरा स्क्रीन उघडायच्या निरोपातून) पाठवण्याचा दुसराही तोटा आहे: असे निरोप नेणाऱ्या बाइंडरचा बफर साधारण १ एमबीचा, तोही त्या प्रोसेसच्या चालू असलेल्या सगळ्या निरोपांत वाटलेला. खात्यासोबत फोटो किंवा सगळे व्यवहार कोंबलेत तर ट्रान्झॅक्शनटूलार्जचा क्रॅश.

---

ताकभात

हा मुद्दा मान्य. आयडी पकडला तर बाइंडमध्येही चालेल, इतकंच माझं उरलं.

लिस्टॲडॅप्टरचा विषय निघालाच आहे म्हणून: सबमिटलिस्टला तीच यादी आत फेरफार करून परत दिली तर काहीच होत नाही. तो संदर्भ तोच आहे का एवढं पाहतो आणि परत फिरतो. दर वेळी नवी यादी द्या आणि आतल्या वस्तूही कॉपी करून बदला. जुनी वस्तू जागच्या जागी बदललीत तर जुनी-नवी तुलना एकाच वस्तूची स्वतःशी होते, फरक सापडणार कुठून?

---

सह्यकडा

चेकबॉक्सचं घ्या. ओळी पुन्हा वापरल्या जातात. स्क्रीनबाहेर नुकत्याच गेलेल्या २ ओळी डीफॉल्टने जशाच्या तशा कॅशमध्ये राहतात, त्याआधी गेलेल्या पूलमध्ये जातात (प्रत्येक प्रकाराच्या ५ पर्यंत) आणि दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बाइंड होऊन परत येतात. टिक व्ह्यूमध्ये राहिली तर ती व्ह्यूसोबत फिरते. म्हणून टिक मारलेल्या आयडींचा सेट वेगळा ठेवा, व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची अवस्था सांभाळणाऱ्या वस्तूत), आणि बाइंड करताना दर वेळी इझचेक्ड खरं किंवा खोटं, दोन्ही बाजूंनी लिहा. नुसतं 'असेल तर खरं कर' लिहून भागत नाही.

याउपर एक सापळा. ऑनचेक्डचेंज लिसनर बोटाने टिक केल्यावर वाजतो तसाच कोडने टिक बदलल्यावरही वाजतो. म्हणजे ओळ बाइंड होताना तुम्ही इझचेक्ड लिहिलं की तोच लिसनर वाजून कुणाचं तरी खातं 'चुकते' करून टाकतो. उधारीच्या वहीत हे भयंकर आहे. दोन उपाय: बाइंडमध्ये आधी लिसनर नल करा, टिक लिहा, मग लिसनर परत लावा, किंवा चेंज लिसनर सोडूनच द्या आणि चेकबॉक्सला साधा ऑनक्लिक लावा, तो फक्त बोटाला उत्तर देतो. दुसरा उपाय मला निर्धोक वाटतो.

त्याच लिसनरातून नोटिफायआयटमचेंज्ड केलंत आणि तो बाइंडच्या दरम्यान वाजला, तर 'लेआउट काढताना हे करता येत नाही' म्हणून इल्लीगलस्टेट क्रॅश मिळतो. लोक मग ते पोस्टमध्ये गुंडाळतात, म्हणजे थोडं नंतर चालवतात. क्रॅश जातो, चूक राहते.

नोटिफायआयटमचेंज्ड करताना ओळ लुकलुकत असेल तर सोबत पेलोड (नेमकं काय बदललं याची खूण) द्या. पेलोड नसताना डीफॉल्ट ॲनिमेटर दुसरा होल्डर आणून जुना-नवा एकमेकांत विरघळवतो. बोटाखालचा होल्डरच बदलल्याने लाट मधेच मरते. पेलोड दिला की तोच होल्डर राहतो.

---

रिकामा_पिंप

तिसरा प्रश्न सोपा. शेवटच्या क्लिकची वेळ ठेवा, ५०० मिलिसेकंदांच्या आतला दुसरा क्लिक सोडून द्या. वेळ सिस्टिमक्लॉकच्या इलॅप्स्डरिअलटाइमने मोजा. करंटटाइममिलिसने नको, फोनचं घड्याळ मागे गेलं तर टॅप तेवढा वेळ बंद पडतील.

---

सह्यकडा

५०० कुठून आले? हळू फोनवर स्क्रीन यायला त्याहून जास्त वेळ लागला की दुसरा टॅप आत शिरलाच. आणि वेळ ओळीगणिक ठेवली असेल तर दोन वेगळ्या ओळींवर दोन बोटं पडली की दोन्ही उघडतात. वेळ मोजण्यापेक्षा अवस्था पाहा:

- नॅव्हिगेशन कंपोनंट (स्क्रीन बदलणारी लायब्ररी) असेल तर नॅव्हिगेट करण्याआधी करंटडेस्टिनेशन (सध्याची जागा) अजून यादीचीच आहे का ते तपासा. नॅव्हिगेट होताच ती बदलते, म्हणून दुसरा टॅप आपोआप गळतो. ही तपासणी नसेल तर तुमच्यासारखा दुहेरी स्क्रीनही येत नाही. 'या जागेवरून अशी वाट नाही' म्हणत ॲप क्रॅश होतं.
- वेगळी ॲक्टिव्हिटी उघडत असाल (तुमची लक्षणं तीच सांगतात) तर इंटेंटला सिंगलटॉप फ्लॅग द्या. दुसरा इंटेंट नवी प्रत न काढता ऑनन्यूइंटेंटमध्ये जातो.
- दोन बोटांसाठी रीसायकलरव्ह्यूवर स्प्लिटमोशनइव्हेंट्स खोटं करा. एक ॲट्रिब्यूट, फार कमी लोकांना ठाऊक. मग एका वेळी एकाच ओळीला स्पर्श पोचतो.

एवढं करून वर ५०० ठेवायचे तर ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

---

खटपट्या

तिन्ही जमले. ५०० न ठेवता, सिंगलटॉपने. पण आता नवीनच. ओळीत खाली 'टीप' दाखवतो, त्यात कधी फोन नंबर असतो म्हणून ऑटोलिंक (नंबराची आपोआप लिंक करणारं) लावलं. नंबर असलेल्या टीपेवर, अगदी नंबर सोडून बाजूच्या शब्दांवर टॅप केलं तरी ओळ उघडत नाही. बाकी ओळ उघडते.

---

अर्धविराम

टॅप गिळला जातोय. स्पर्श आतल्या व्ह्यूकडे आधी जातो. त्याने 'माझा' म्हटलं की बाहेरच्या ओळीला कळतही नाही. ऑटोलिंकला लिंक सापडली की टेक्स्टव्ह्यूला लिंकमूव्हमेंटमेथड चिकटते आणि तो क्लिकेबल होतो, सबंध, फक्त लिंकपुरता नाही. नंबर नसलेल्या टिपा चालतात त्या याचमुळे.

सोपा मार्ग: यादीत ऑटोलिंक काढा, तपशिलाच्या स्क्रीनवर ठेवा. तसंही फोनचं बटण ओळीत आहेच.

टॅप गिळणारे इतर नेहमीचे संशयित:

- टेक्स्टव्ह्यूवर टेक्स्टइझसिलेक्टेबल.
- कुणीतरी आतल्या लेआउटवर क्लिकेबल खरं लिहून ठेवलेलं, लिसनर नसताना. तरीही गिळतो.
- एनेबल्ड खोटं केलेलं बटण. बंद बटण काही करत नाही पण क्लिकेबल असल्याने स्पर्श मात्र खातं. करड्या बटणावर टॅप केल्यास ओळही उघडत नाही. बहुतेक वेळा ते हवंच असतं.
- ओळीच्या आत आडवा रीसायकलरव्ह्यू. त्याच्या रिकाम्या जागेवरचा टॅपही तोच ठेवून घेतो.

आणि जुना लिस्टव्ह्यू कुणी सांभाळत असेल तर त्याची तऱ्हा निराळी: ओळीत फोकस घेणारं बटण किंवा चेकबॉक्स असला की ऑनआयटमक्लिक अजिबात वाजत नाही. आतल्या बटणाला फोकसेबल खोटं, किंवा ओळीच्या मुळाला डिसेंडंटफोकसॅबिलिटी 'ब्लॉक्सडिसेंडंट्स'.

---

तिरपी_मात्रा

कंपोजमध्ये (अँड्रॉइडच्या नव्या यूआय पद्धतीत) हे सगळं संपतं. लेझीकॉलम, क्लिकेबल, झालं.

---

ताकभात

संपत नाही, कपडे बदलून येतं. आयटम्सना 'की' (प्रत्येक ओळीची ओळखखूण) दिली नाही तर रिमेंबर केलेली अवस्था जागेला चिकटते. वरची ओळ काढली की उघडलेला भाग किंवा टिक खालच्या ओळीकडे जाते. तोच रांगेतला नंबर. की म्हणून आयडी द्या. की बंडलमध्ये ठेवता येणारी हवी, आणि दोन ओळींची की सारखी निघाली तर क्रॅश.

जुन्या पोझिशनचा जुळा भाऊही तिथे आहे: पॉइंटरइनपुट(युनिट) लिहून आत डिटेक्टटॅपजेस्चर्स. की युनिट असल्याने तो ब्लॉक पुन्हा सुरू होत नाही, आत पहिल्या वेळची वस्तू अडकून राहते. नुसता टॅप आणि दाबून धरणं हवं असेल तर कम्बाइंडक्लिकेबल वापरा, पॉइंटरइनपुटपर्यंत जाऊच नका.

मॉडिफायरचा क्रमही पाहा. आधी क्लिकेबल मग पॅडिंग लिहिलं तर पॅडिंगची जागाही टॅप घेते. उलट लिहिलं तर कडेचा पट्टा मेलेला. चेकबॉक्सची अख्खी ओळच टिक करायची असेल तर ओळीला टॉगलेबल द्या आणि चेकबॉक्सच्या ऑनचेक्डचेंजला नल.

---

उंबरा

आयओएसवाल्यांनी हसू नये, तिकडेही हेच. सेलमधल्या बटणाच्या टॅगमध्ये इंडेक्सपाथची रो लिहिण्याची जुनी खोड अजून दिसते. ओळ काढली की टॅग शिळा. सेलला क्लोजर द्या, त्यात आयडी, आणि प्रिपेअरफॉररीयूजमध्ये ते नल करा.

'डिडसिलेक्टरो (ओळ निवडल्यावरचा कॉल) वाजतच नाही' या तक्रारीत मी सगळ्यात आधी कीबोर्ड बंद करण्यासाठी अख्ख्या व्ह्यूवर लावलेला टॅप जेस्चर शोधतो. तो ओळखला गेला की टेबलकडचा स्पर्श रद्द करतो. कॅन्सल्सटचेसइनव्ह्यू खोटं केलं की सुटतं.

स्विफ्टयूआयमध्ये (ॲपलच्या नव्या यूआय पद्धतीत) दोन गोष्टी. लिस्टच्या एका ओळीत दोन बटणं ठेवली तर ओळीवर कुठेही टॅप केल्यावर दोन्ही वाजतात. बटणस्टाइल बॉर्डरलेस करा. आणि एचस्टॅकमध्ये स्पेसर टाकून ऑनटॅपजेस्चर लावलं तर मधली रिकामी जागा मुकी राहते. त्याआधी कंटेंटशेप(रेक्टँगल) लिहा.

---

रिकामा_पिंप

रिॲक्ट नेटिव्हमध्ये कीबोर्डचा सख्खा भाऊ आहे: वर शोधपेटी, खाली फ्लॅटलिस्ट. कीबोर्ड उघडा असताना ओळीवरचा पहिला टॅप नुसता कीबोर्ड बंद करतो. कीबोर्डशुडपर्सिस्टटॅप्स 'हँडल्ड' करा, डीफॉल्ट 'नेव्हर' असतं. यादी दुसऱ्या स्क्रोलव्ह्यूच्या आत असेल तर त्यालाही द्यावं लागतं, एकाला देऊन भागत नाही.

फ्लटरमध्ये जेस्चरडिटेक्टरला ऑनटॅपसोबत ऑनडबलटॅपही दिलं तर प्रत्येक साधा टॅप ३०० मिलिसेकंद रेंगाळतो, दुसरा येतोय का याची वाट बघत. ॲप मंद वाटतं आणि लोक डेटाबेसला दोष देतात.

---

काजवा

टॉकबॅकचं (अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीचं) कुणीच बोललं नाही. सुरुवातीचे बरेच नमुने ऑनआयटमटचलिसनर आणि जेस्चरडिटेक्टरने ओळीचा टॅप ओळखायचे, ते अजून चिकटवले जातात. ते वापरू नका. टॉकबॅक बोटाचा स्पर्श पाठवत नाही, ओळीची क्लिक क्रिया मागतो. ओळ क्लिकेबलच नसेल तर मागणार कुणाकडे? बाहेरून जोडलेल्या कीबोर्डच्या एंटरचंही तेच, आणि लाटही उमटत नाही. ओळीच्या मुळाला सेटऑनक्लिकलिसनर लावला की हे सगळं फुकटात मिळतं, आतला मजकूरही एका दमात वाचला जातो.

मापं: टॅपची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ × ४८ डीपी (स्क्रीनच्या घनतेनुसार जुळणारं माप), आयओएसवर ४४ × ४४ पॉइंट. तुमचं फोनचं चित्र २४ डीपीचं असेल तर चारी बाजूंनी १२ डीपी पॅडिंग द्या, मार्जिन नको. मार्जिनमधला टॅप ओळीला जातो आणि फोन लावायच्या जागी खातं उघडतं. फोन आणि चेकबॉक्स शेजारी असतील तर मधे ८ डीपी सोडा.

दाबून धरण्यावर काही ठेवलं असेल तर ऑनलाँगक्लिकमधून खरं परत करा. खोटं दिलंत तर बोट उचलल्यावर साधा क्लिकही वाजतो: निवड सुरू होते आणि लगेच खातंही उघडतं. आणि दाबण्याचा वेळ स्वतः मोजू नका. तो वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये वाढवलेला असू शकतो.

---

खटपट्या

लाटेबद्दल: ओळीला थकबाकीप्रमाणे रंग आहे (बॅकग्राउंड), म्हणून सिलेक्टेबलआयटमबॅकग्राउंड लावायला जागाच नाही.

---

काजवा

फोरग्राउंडला लावा. अँड्रॉइड ६, म्हणजे एपीआय २३ पासून कुठल्याही व्ह्यूला चालतं. त्याआधीचे फोन धरायचे असतील तर ओळीचं मूळ फ्रेमलेआउट करा.

---

सह्यकडा

तपासताना: डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲनिमेटर ड्युरेशन स्केल १० पट करा. मग ओळ डिलीट करा आणि ती विरत असतानाच तिच्यावर टॅप करा. जाणारी ओळ ॲनिमेशन संपेपर्यंत स्पर्श घेते आणि तिची पोझिशन -१ असते. तपासणी विसरला असाल तर इथे लगेच क्रॅश दिसेल. एरवी ही फट इतकी बारीक की फक्त दुकानदारालाच सापडते. 'शो लेआउट बाउंड्स' चालू केलं की टॅपच्या जागा किती तोकड्या आहेत तेही दिसतं.

---

खटपट्या

-१ ची तपासणी फोनच्या बटणात राहिली होती, सापडली. शेवटचं: नेट नसताना नवं खातं फोनवरच बनतं, तात्पुरता आयडी ऋण आकडा. सिंक झालं की सर्व्हरचा आयडी बसतो. त्या वेळी खातं उघडं असेल तर ते रिकामं होतं, आणि यादीत ती ओळ उडी मारून परत येते.

---

अर्धविराम

कारण तुमचा आयडीही रांगेतला नंबरच निघाला. डिफयुटिलला ऋण आयडीची ओळ गेली आणि नव्या आयडीची आली असं दिसतं, म्हणून उडी. उघडा स्क्रीन मेलेल्या आयडीवर बसलेला.

खातं बनतानाच फोनवर यूयूआयडी (दुसरीकडे पुन्हा न येणारी ओळख) काढा, तीच प्राथमिक की, ती कधीच बदलायची नाही. सर्व्हरचा आयडी वेगळ्या कॉलममध्ये, सुरुवातीला नल, फक्त सिंकच्या कोडने वापरायचा. टॅप, टिकांचा सेट, डिफयुटिल, पुढचा स्क्रीन, सगळीकडे यूयूआयडी.

सेटहॅजस्टेबलआयडीज (प्रत्येक ओळीला न बदलणारा आकडा द्यायची सोय) मात्र चालू करू नका. त्याला लाँग लागतो, ६४ बिट. यूयूआयडी १२८ बिटांची. लोक हॅशकोड घालतात, तो तर ३२ बिटांचाच, आणि दोन खात्यांचा हॅश जुळला की 'दोन होल्डरांचा स्टेबल आयडी एकच' म्हणून क्रॅश होतो. लिस्टॲडॅप्टर असताना त्याची गरजही नाही.

---

खटपट्या

हॅशकोडच घातला होता. काढतो.